हळदोण्याच्या वाटेवरचा फोर्न

म्हापशाहून हळदोण्याकडे जाताना मुख्य रस्ता सोडून आत वळणाऱ्या एका वाटेवर, चिऱ्यांच्या जुन्या घराला लागून एक फोर्न, म्हणजे पाव भाजण्याची भट्टी, आहे. पाव, साधना आणि माहितीपट या तिन्हींचा संसार एकाच छपराखाली मांडणारे ठिकाण म्हणून तो अलीकडे उत्तर गोव्यातल्या या बार्देश तालुक्याबाहेरही ओळखला जाऊ लागला आहे. दुकानावर पाटी नाही. गावातले लोक ‘फोर्नार वता’ (फोर्नावर जातो) एवढेच म्हणतात आणि ते पुरते. दुकान चालवणाऱ्या बाई मूळच्या अंत्रुजातल्या, म्हणजे फोंडा भागातल्या. मुंबईत त्यांनी अनेक वर्षे माहितीपटांचे संकलन केले, विपश्यना या ध्यानपद्धतीची शिबिरे केली आणि गोव्यात परतल्यावर एका वृद्ध पोदेराच्या (परंपरागत पाववाल्याच्या) हाताखाली पाव भाजायला शिकल्या. आपले नाव छापू नये अशी त्यांची विनंती असल्यामुळे ते येथे दिलेले नाही.

अशा ठिकाणांविषयी लिहिताना चालकाच्या जीवनकथेवरच भाळून जाण्याचा धोका असतो. मुंबई सोडून गावी आलेली व्यक्ती, पहाटेचे ध्यान, लाकडाची भट्टी आणि हातात कॅमेरा हे सगळे ऐकायला इतके गोड आहे की पाव कसा लागतो हे विचारायचे राहूनच जाते. म्हणून सुरुवात पावापासूनच करतो.

फोर्न जुना, चिऱ्यामातीचा, घुमटाच्या आकाराचा आहे. त्यात लाकूड आतच जाळतात, घुमट पुरेसा तापला की निखारे बाजूला सारतात, तळ ओल्या फडक्याने पुसून घेतात आणि मग साठलेल्या उष्णतेवर भाजणी चालते. ही उष्णता कोणत्याही बटणाने कमीजास्त होत नाही. ती फक्त उतरत जाते. त्यामुळे कोणता पाव कोणत्या क्रमाने आत जाईल हे फोर्नच ठरवतो. अगदी आरंभी, ताप सर्वांत कडक असताना, कोंड्यात घोळलेल्या चपट्या पोया जातात. त्या काही मिनिटांत टम्म फुगून पोकळ होतात. त्यामागून गोल उंडे आणि कातरून आकार दिलेले काट्रे पाव. ताप थोडा बसला की सावरडोचे, म्हणजे बाजारातल्या यीस्टऐवजी आंबवलेल्या पिठावर फुगवलेल्या आंबट पावाचे, मोठे गोळे, ज्यांना पाऊण तासाच्या आसपास वेळ लागतो. शेवटी, हात आत घालून क्षणभर ठेवता येईल इतपत फोर्न निवला की नाचणीची बिस्किटे आणि बांगडीच्या आकाराची कडक काकणे. येथील सावरडो चांगला होतो याचे मोठे कारण हा क्रम आहे, कारण पोदेरांनी पिढ्यान् पिढ्या ज्या उतरत्या तापाचा हिशेब ठेवला त्याच हिशेबात बाईंनी आपला नवा पाव बसवला आहे. वेगळी विजेची भट्टी आणून त्यांनी स्वतःची सोय पाहिलेली नाही.

सावरडो गोव्याच्या हवेत जमवणे सोपे नाही. त्याच्या स्टार्टरमध्ये, म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या विरजणात, रानटी यीस्ट आणि आम्ल तयार करणारे जिवाणू एकत्र नांदतात. यीस्टमुळे पीठ फुगते, जिवाणूंमुळे आंबटपणा येतो. थंड देशांतल्या पाककृतींत आंबवण्यासाठी जे तास दिलेले असतात, त्यांच्या निम्म्या वेळातच एप्रिल-मे महिन्यात येथे पीठ हाताबाहेर जाते, आम्ल वाढते आणि गोळा आकार धरीनासा होतो. बाई स्टार्टर कमी घेतात, पीठ थंडगार पाण्यात भिजवतात आणि वळलेले गोळे रात्रभर शीतकपाटात ठेवून सकाळी थेट फोर्नात सारतात. त्यांच्या साध्या पावाचे प्रमाण 100 भाग पिठाला 70 भाग पाणी आणि 2 भाग मीठ असे आहे. या हवेत पाण्याचे प्रमाण याहून वाढवण्याचा मोह त्यांनी आवरला आहे, ही शहाणपणाची गोष्ट होय. मीठ आगरातले, जाडे, किंचित करडे.

पाव पुढ्यात घेऊन पाहिला तर वरचे कवच गडद तपकिरी, चिरेच्या कडेला जवळजवळ काळसर आणि त्यावर बारीक बुडबुड्यांचे फोड दिसतात. थंड जागी सावकाश आंबलेल्या पिठाची ही खूण असते. बूड वाजवून पाहिले तर पोकळ आवाज येतो. सुरी घातल्यावर कवचाचे तुकडे उडतात आणि आत जाळी दिसते ती मध्यम, असमान, ओलसर चमक असलेली. ज्यांना छायाचित्रांतली मोठमोठी भोके हवी असतात त्यांची येथे निराशा होईल. ज्यांना पावावर आळसांद्याचे तोणाक, म्हणजे चवळीच्या जातीच्या कडधान्याची रस्साभाजी, वाढून घ्यायचे आहे आणि रस ताटात गळू द्यायचा नाही, त्यांना हीच जाळी सोयीची. आंबटपणा जिभेच्या कडेला जाणवतो आणि लगेच मागे सरतो. किंमत 280 रुपये. पोदेराच्या सायकलवरचा पाव अजून हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या रुपयांना मिळत असताना हा आकडा गोव्यातल्या माणसाला खुपणारच. मात्र गोळा पाऊण किलोचा असतो आणि चौघांच्या घरात दोन दिवस पुरतो.

खपलीचा पाव मला पटला नाही. सांगली-सातारा भागात पिकणारा खपली गहू चवीला उत्तम, खिरीसाठी तर त्याला तोड नाही. पण त्याचे ग्लुटेन अशक्त असते आणि फुगलेला वायू धरून ठेवण्याची ताकद त्यात नसते. निव्वळ खपलीचा गोळा भाजून विकण्याचा हट्ट धरल्यामुळे आतला भाग चिकट आणि विटेसारखा घट्ट होतो. निम्मे साधे पीठ मिसळले तर चव राहील आणि पावही होईल. क्रोसाँ घेऊ नयेत. लोण्याच्या घड्या या उकाड्यात वितळतात आणि हाती येतो तो तुपकट पाव. फोर्नाच्या शेजारच्या खोलीत ते लाटायचे ठरवणे हाच मुळात चुकीचा बेत आहे.

उंडे आणि पोया मात्र या फोर्नाचे खरे धन आहे. गोव्यात पाव आला तो पोर्तुगीज काळात. जेझुइट धर्मगुरूंनी दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातल्या लोकांना तो शिकवला आणि माजोर्डा गाव त्या विद्येचे माहेर झाले, असे परंपरा सांगते. यीस्ट मिळत नव्हते तेव्हा पीठ सुरेने, म्हणजे माडाच्या आंबलेल्या रसाने, फुगवले जाई. पुढे बाजारातले यीस्ट आले, माडावर चढून सूर काढणारे रेंदेर कमी होत गेले आणि सुरेचा पाव जवळजवळ दिसेनासा झाला. येथे दर रविवारी सुरेवर फुगवलेले उंडे मिळतात. त्यांना किंचित गोडसर, फळासारखा वास असतो, आतला भाग पिवळसर पांढरा आणि लवचिक असतो, आणि दुपारपर्यंत ते कडक होत नाहीत. सकाळी आठनंतर गेल्यास मिळण्याची आशा धरू नये.

या सुरेपाशी बाईंच्या जीवनातले दोन धागे एकमेकांत अडकतात. विपश्यनेच्या शिबिरात साधक पंचशील पाळण्याचा संकल्प करतो आणि त्यांपैकी एक शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे असते. सूर पिणे आणि सुरेने पीठ फुगवणे यांत अंतर आहे, आणि भट्टीच्या तापात मद्यार्क बव्हंशी उडून जातो, हे खरे. तरीही एका गंभीर साधिकेने आपल्या दुकानात सुरेचे मडके ठेवावे का, असा प्रश्न काही सहसाधकांनी त्यांना विचारलेला आहे. त्यावर आपण अजून विचार करीत आहोत, एवढेच त्या सांगतात. मला हे उत्तर आवडले. जीवहत्या न करणे हेही एक शील असल्याने, पावसाळ्यात पिठात पोरकिडे होतात तेव्हा काय करायचे, हा दुसरा असाच प्रश्न; त्यावरचा त्यांचा उपाय पीठ थोडे-थोडे मागवणे आणि हवाबंद डब्यांत ठेवणे हा आहे. तत्त्वचर्चेपेक्षा तो ग्राहकाच्या अधिक हिताचा आहे.

साधनेचा येथे देखावा नाही, ही या जागेची माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी जमेची बाजू. हणजुणेपासून हरमलपर्यंतच्या किनाऱ्यावर खांबाखांबाला श्वास, चक्रे, नाद आणि मुक्ती यांच्या जाहिराती लटकत असतात, आणि प्रत्येकीखाली दर लिहिलेला असतो. विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोयंका यांनी 1969 मध्ये भारतात विपश्यनेची शिबिरे घ्यायला सुरुवात केली आणि 1976 मध्ये इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र सुरू झाले. त्या परंपरेत दहा दिवसांच्या शिबिराचे, राहण्याजेवण्याचेसुद्धा, शुल्क घेतले जात नाही. आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर ते चालते आणि प्रशिक्षण झाल्याखेरीज कोणी शिकवायला बसत नाही. बाई ही मर्यादा काटेकोर पाळतात. घराच्या मागल्या बाजूला एक रिकामी खोली आहे, तिथे सकाळी कोणीही येऊन गुपचूप बसू शकतो. त्या तिथे काही शिकवत नाहीत, कसली ध्वनिफीत लावत नाहीत, आणि पैशांची पेटीही ठेवलेली नाही. हाताखालच्या मुलांवरही कसली सक्ती नाही. त्यांतला एक जण फोर्नाशी काम करताना कानात तार घालून कन्नड गाणी ऐकत असतो.

साधनेचा परिणाम पाहायचा तर तो कामाच्या शिस्तीत दिसतो. शिबिरात पहाटे चारला घंटा होते. फोर्नाची घंटा त्याहून आधी होते. गोळे वळण्याच्या तासाभरात मोबाइल बाहेरच्या कट्ट्यावर असतात आणि कामापुरतेच बोलले जाते. मी पाहिले तेव्हा बाई एकेक गोळा उचलून, त्याच्या पोटाखाली बोटांची टोके सरकवून, स्वतःकडे हलकेच ओढून ताणत होत्या, आणि ज्याचा पृष्ठभाग फाटला तो बाजूला ठेवून पुन्हा विसावू देत होत्या. फाटलेले गोळे बरेच होते. घाई असती तर ते तसेच आत गेले असते आणि ग्राहकाला कळलेही नसते.

म्हणूनच अलीकडे सुरू झालेला ‘मौन न्याहारी’ हा प्रकार खटकतो. शनिवारी माणशी 900 रुपये घेऊन दहा-बारा पाहुण्यांना लांब टेबलाशी बसवतात, न बोलता खायला सांगतात आणि पाव, लोणी, आंब्याचा मुरांबा, पातळ भाजी, काळा चहा असे पदार्थ पुढ्यात येतात. पदार्थ उत्तम असतात. परंतु विकत घेतलेल्या मौनात पाहुणे एकमेकांकडे चोरून पाहत हसू दाबतात, कोणी हळूच छायाचित्र काढतो, आणि पातळ भाजीसारखा पदार्थ, जो म्हापशाच्या बाजारात गलक्यात, उभ्या उभ्या खाण्यात मजा आहे, तो उगाच गंभीर होऊन बसतो. खोलीत फुकट मिळणारी गोष्ट टेबलावर 900 रुपयांना विकली जाऊ लागली की खोलीकडेही लोक संशयाने पाहू लागतील. भाड्याचा आणि लाकडाचा खर्च भागवण्यासाठी हे करावे लागते, असे बाईंनी मोकळेपणाने सांगितले. तसे असेल तर न्याहारी जरूर विकावी, मौन वगळून. पातळ भाजी-पावाला एवढे गिऱ्हाईक गोव्यात कधीही मिळेल.

आता माहितीपटांविषयी. गोव्यात 2004 पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो आणि नोव्हेंबरात पणजीला माहितीपटही पाहायला मिळतात. उरलेले वर्ष मात्र कोरडेच. एके काळी चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचा अनुबोधपट पाहणे भाग असे, आणि प्रेक्षक तेवढ्या वेळात शेंगदाणे घेऊन यायचे. त्या सक्तीने माहितीपटाचे नुकसान केले असे माझे मत आहे. येथे महिन्यातल्या एका शनिवारी, फोर्न निवल्यावर, अंगणात पडदा बांधून एक माहितीपट दाखवला जातो आणि प्रवेश विनामूल्य असतो. पाहायला येणाऱ्यांत परदेशी पाहुण्यांइतकीच गावची माणसेही असतात, कारण पडद्यावर बऱ्याचदा त्यांचेच गाव असते.

बाईंनी स्वतः केलेला, सुमारे पन्नास मिनिटांचा माहितीपट मी पाहिला. त्याचा विषय हाच फोर्न, तो चालवणारा वृद्ध पोदेर आणि त्याला सूर पुरवणारा रेंदेर. निवेदन नाही, संगीत नाही. संभाषण कोकणीत, खाली मराठी व इंग्रजी उपशीर्षके. ध्वनी अप्रतिम आहे. पीठ फळीवर आपटल्याचा मंद आवाज, फोर्नाच्या तोंडाशी लाकडी फळी घासल्याचा आवाज, बाहेर काढलेल्या पावांच्या कवचाला थंड हवा लागून सुटणारी बारीक तडतड, आणि पहाटे गावात घुमणारा सायकलचा भोंपू, हे सगळे इतके नेमके टिपले आहे की अंगणात बसलेल्या एका आजीने भोंपू ऐकून दाराकडे मान वळवली. संकलक म्हणून बाईंनी केलेली वर्षानुवर्षांची नोकरी येथे कामी आली आहे.

परंतु चित्रपटाच्या मधल्या भागात कॅमेरा नुसता पाहत राहतो. रेंदेर सकाळी, दुपारी, संध्याकाळी माडावर चढतो, न उमललेला फुलोरा छाटतो, मडके बांधतो, उतरतो. हे सारे आपण तीनदा, जवळजवळ सारख्याच लांबीच्या दृश्यांत पाहतो. काहीही न बदलता जे समोर येते त्याकडे समतेने पाहावे, ही शिकवण आसनावर बसलेल्या साधकासाठी अमोल असेल. पडद्यासमोर बसलेल्या प्रेक्षकाला ती पंधरा मिनिटांनी जड जाते. कॅमेऱ्यामागचे माणूस काय निवडते, काय गाळते आणि केव्हा मध्ये पडते यावरच माहितीपट उभा राहतो, आणि हे कोणा संकलकाला सांगण्याची गरज नसावी.

याचा पुरावा त्याच चित्रपटात आहे. शेवटाकडे पोदेर आपली मुले या धंद्यात येणार नाहीत, ती परदेशी आहेत, असे सांगतो. हे वाक्य गोव्यातल्या कोणत्याही जुन्या फोर्नात ऐकू येते आणि एखादा आळशी दिग्दर्शक तिथेच दृश्य तोडून करुण संगीत लावील. येथे बाईंचा आवाज पहिल्यांदाच कॅमेऱ्यामागून येतो आणि त्या विचारतात की ती यावीत असे तुम्हांला वाटते का. पोदेर उत्तर देत नाही. तो फडके पाण्यात बुडवतो, पिळतो, काठीला गुंडाळतो आणि फोर्नाचा तळ पुसू लागतो. वाफ उसळते आणि त्यात त्याचा चेहरा दिसेनासा होतो. मग वाफेतून त्याचा आवाज येतो, आणि तो जे म्हणतो ते येथे सांगून पाहणाऱ्याचा रस मी घालवणार नाही. एवढे नोंदवतो की प्रश्न विचारला गेला म्हणून ते उत्तर मिळाले. मधला भाग दहा-बारा मिनिटांनी कमी केला आणि असे आणखी दोन प्रश्न विचारले असते तर हा माहितीपट कोणत्याही महोत्सवात ताठ मानेने उभा राहिला असता.

चित्रपटातील तो पोदेर आजही फोर्नावर येतो. फोर्न त्याच्या कुटुंबाच्या मालकीचा आहे, त्याचे भाडे त्याला मिळते, आणि उंडे व पोया यांच्या विक्रीतला वाटाही. सावरडो त्याला अजिबात आवडत नाही. तो आंबट आहे आणि दात नसलेल्या माणसाला चाववत नाही, असे तो ग्राहकांदेखत सांगतो, आणि बाई त्याला तसे सांगू देतात. नव्या पद्धतीच्या बेकऱ्या जुन्या पोदेरांच्या नावाने भावुक होतात आणि प्रत्यक्षात त्यांचे गिऱ्हाईक पळवतात, असे एक-दोन ठिकाणी मी पाहिले आहे. येथे निदान व्यवहार सरळ दिसतो.

काही व्यावहारिक बाबी. दुकान सोमवारी व मंगळवारी बंद असते. सावरडो आदल्या दिवशी सांगून ठेवावा लागतो, नाहीतर रांगेत उभे राहून खपलीच पदरी पडण्याचा संभव आहे. पैसे रोख किंवा यूपीआयने घेतात, पण फोर्नाच्या परिसरात नेटवर्क दगा देते, तेव्हा सुटे पैसे जवळ असावेत. वाट अरुंद असल्याने चारचाकी चॅपेलपाशी ठेवून चालत जावे. शेजाऱ्यांच्या फाटकासमोर लावलेल्या गाड्यांवरून वाद झालेले आहेत. विक्रीला एकच मुलगा असतो, तो प्रत्येक पाव कागदात सावकाश, नीट बांधून देतो आणि रविवारी रांग बरीच लांबते. पाव घरी नेल्यावर शीतकपाटात ठेवू नये, तेथे तो लवकर शिळा होतो. कापडात गुंडाळून ठेवावा, आणि जून ते सप्टेंबर या दिवसांत दुसऱ्या दिवसानंतर बुरशीची भीती असल्याने उरलेल्याचे काप करून बर्फाच्या कप्प्यात टाकावेत.

अंगणातले खेळ पावसाळ्यात बंद असतात आणि ऑक्टोबरात पुन्हा सुरू होतात. बसायला बाके आहेत ती पाठ नसलेली, त्यामुळे ज्येष्ठांनी खुर्ची मागून घ्यावी, ती मिळते. मिठागरांवरच्या नव्या माहितीपटाचे कच्चे संकलन सध्या चालू आहे आणि त्यातला काही भाग पहिल्या खेळाच्या वेळी दाखवला जाईल. त्यानंतर प्रेक्षकांना बोलू दिले जाते, आणि लांबलेल्या दृश्यांबद्दल तोंडावर सांगितलेले बाई वहीत लिहून घेतात.